मजकुराची जागा

रविवारची पोह्यांची बशी रिकामी झाली, दुसरा चहा झाला, तरी दिगंबर उठायचं नाव घेईना. तेव्हा बापूरावांनी ओळखलं, की स्वारी नुसती ख्यालीखुशाली विचारायला आलेली नाही. गणपतीतल्या भांडणानंतर पाच महिने त्याने या जिन्यावर पाऊल टाकलं नव्हतं. फोन करायचा तोही आईला, आणि तोसुद्धा बापूराव फिरायला गेल्याची खात्री करून. आज मात्र चिरंजीव साडेआठलाच धायरीहून स्कूटर हाणत आले होते, येताना पावशेर पेढे आणले होते आणि बहिणीच्या शेजारी असे ऐसपैस बसले होते, की जणू मधले पाच महिने कॅलेंडरात छापलेच नव्हते.

पेढे कशाबद्दल हे त्याने सांगितलं नाही आणि बापूरावांनी विचारलं नाही. सदाशिव पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला फुकटच्या पेढ्याचा संशय येतोच. त्यांनी एक तोंडात टाकला आणि नवा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला. मोतीबिंदू काढल्याला महिना झाला होता, चष्मा परवा आला होता. दिवाळीपासून धुरकटलेलं जग आता जरा जास्तच स्वच्छ दिसत होतं. मुलाच्या कपाळावरची नवी आठी दिसत होती, मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आपल्याकडेच टक लावून बघणाऱ्या मुक्ताईही दिसत होत्या.

“जरीना दहाला येतेय,” नम्रता म्हणाली. “उद्या अर्ज दाखल करायचाय, पोटगी वाढवून मागायचा. बाबा, ती मनीऑर्डरची सगळी कूपनं काढून ठेवाल?”

बापूरावांचा चष्मा पुसणारा हात थांबला. “कूपनं कशाला?”

“तिला हवीत. पैसे किती आले, कधी आले, त्याचा पुरावा.”

“पासबुक आहे की.”

“पासबुकही हवं आणि कूपनंही हवीत,” दिगंबर मध्येच म्हणाला. “तुमच्या खिडकीवर लोक वाद घालायचे तेव्हा तुम्ही काय म्हणायचात, बाबा? नियम म्हणजे नियम.”

बापूरावांनी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली होती, त्यातली चौदा मनीऑर्डरच्या खिडकीमागे. या छत्तीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे वाक्य उच्चारलं आणि तेव्हापासून ते घरात इतक्यांदा ऐकवलं गेलं, की नम्रताची मुलगी श्रद्धा लहानपणी ते बडबडगीतासारखं म्हणायची. सहा वर्षांपूर्वी नम्रता आणि तिचा नवरा अभिनव वेगळे झाले, तेव्हा कोर्टाच्या हुकमात दोन गोष्टी होत्या. मुलीच्या पालनपोषणासाठी वडिलांनी दरमहा अडीच हजार रुपये दहा तारखेच्या आत मनीऑर्डरने पाठवायचे, आणि महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलीला भेटायचं. त्यातला मनीऑर्डर हा शब्द बापूरावांच्याच हट्टाने आला होता. चेक परत जातो, रोख दिल्याचं नाकारता येतं, मनीऑर्डर मात्र सही घेतल्याशिवाय हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नम्रता दुपारी बँकेत असायची, म्हणून तिने वडिलांना अधिकारपत्र लिहून दिलं होतं. पोस्टमन भीमराव यायचा, बापूराव सही करून पैसे घ्यायचे, ते तिच्या खात्यात भरायचे आणि फॉर्मच्या खालचं कूपन फाईलला लावायचे. कूपनावर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि रक्कम असते, आणि त्याखाली चार ओळी मजकुराची जागा असते. त्या चार ओळींबद्दल या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मला त्याचं अक्षरसुद्धा बघायचं नाही, असं नम्रताने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

बापूराव उठून आतल्या खोलीत गेले. श्रद्धा टेबलाशी भूमितीची आकृती काढत बसली होती. आठवीतली पोर, पण बाहेर बोलणं सुरू झालं की हिची पेन्सिल थांबते, हे आज त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून सुतळीने बांधलेली फाईल काढली, वरची तीन कूपनं सोडवून खिशात घातली आणि बाकीचा गठ्ठा पुन्हा धोतरांच्या मागे सारला.

“सगळी नाही नेत, आजोबा?”

त्यांनी दचकून वळून बघितलं. ती आकृतीवरच वाकली होती. बाहेरचं बोलणं हिने ऐकलं असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि बाहेर आले.

“ही शेवटची तीन,” ते म्हणाले. “बाकीची माळ्यावर आहेत. या डोळ्याने मी शिडी चढणार नाही.”

“मी चढतो,” दिगंबर म्हणाला.

“तू बस.”

मुक्ताईंनी बशा उचलताना नवऱ्याकडे एकवार पाहिलं. तीन वर्षांपूर्वीच्या रंगकामात माळा रिकामा करून घेतला होता, आणि हे त्यांच्याइतकं कुणाच्याच लक्षात नव्हतं.

जरीना तांबोळी दहाच्या ठोक्याला आली. नम्रताची ही कॉलेजातली मैत्रीण. भवानी पेठेत त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. जरीनाने मात्र वकिलीची वाट धरून कौटुंबिक न्यायालयात चांगलं नाव कमावलं होतं. तोंडावरचा स्कार्फ सोडत ती खुर्चीत बसली.

“काका, डोळा काय म्हणतो?”

“दिसतं ते बघायची सवय करतोय.”

“आमच्या कोर्टात अजून कुणाला लागली नाही ती,” जरीना म्हणाली आणि कागद पसरून सरळ कामाला लागली. “नमू, तुझा हातात येणारा पगार?”

“साडेनऊ हजार.”

“आणि त्याचा?”

“साठ!” दिगंबर पुढे सरसावला. “हिंजवडीला त्याच्याच कंपनीत माझ्या ओळखीचा एक आहे. साहेबांनी गाडीसुद्धा घेतलीय. साठ हजार मिळवतो आणि पोरीच्या हातावर अडीच टेकवतो.”

जरीनाने आकडा लिहून घेतला, पण बोलली ती नम्रताशी. “हे बघ. पोरीचा खर्च दोघांचा. तू कमावतेस म्हणून तो सुटत नाही, आणि तो जास्त कमावतो म्हणून तूही सुटत नाहीस. ज्याची जशी ऐपत तसा वाटा. हुकूम झाला तेव्हा श्रद्धा दुसरीत होती, आता आठवीत आहे. फी वाढली, क्लास लागले, त्याचा पगारही वाढला. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते.”

“मला त्याच्यापुढे हात पसरायला नकोसं होतं गं.”

“तुझा हात कुठे आलाय यात? पैसे तिचे आहेत. तुला कितीही नकोसे झाले, तरी तिच्या वतीने ते सोडायचा तुला हक्क नाही.”

“दहा हजार मागायचे,” दिगंबर म्हणाला. “त्याखाली येऊ नका. धायरीला माझ्या शेजारचा ब्लॉक निघालाय. दहा मिळाले तर नमूला हप्ता आरामात बसतो. मी बिल्डरशी बोलून ठेवलंय.”

“असं होय,” बापूराव म्हणाले. पेढ्यांचा उलगडा झाला. नम्रता आणि श्रद्धा धायरीला गेल्या, की पेठेतल्या या तीन खोल्यांत दोन म्हातारी माणसं उरणार, आणि मग ही जागा कुणाला तरी विकसित करायला द्यायचं म्हटलं तर अडवणार कोण! गणपतीतलं भांडण नेमकं यावरूनच झालं होतं. चिरंजीव मागच्या दाराने पुन्हा तिथेच आले होते.

“दिगंबरदादा, पोटगी पोरीला मिळते,” जरीना वर न बघता म्हणाली. “शेजारच्या ब्लॉकला मिळत नाही.” मग तिने पान उलटलं. “भेटींचं काय? दुसरा आणि चौथा शनिवार. चालू आहे?”

नम्रताने समोरचा कागद उगाच सरळ केला.

“बंद आहे,” नम्रता म्हणाली. “तीन वर्षं झाली. मध्ये काही महिने तो अमेरिकेला गेला होता, तिथली कंपनी बुडाली, तो परत आला आणि चार महिने त्याने एक पैसा पाठवला नाही. मग मीही कळवलं, की पैसे नाहीत तर भेट नाही.”

जरीनाने पेन खाली ठेवलं. “तुला हे कुणी शिकवलं?”

नम्रताने बापूरावांकडे पाहिलं नाही. पण न पाहण्यासाठी तिने मान इतकी वळवली, की जरीनाला उत्तर मिळालं.

“काका?”

“साधी गोष्ट आहे,” बापूराव ताठ होत म्हणाले. “पत्रावर तिकीट नसेल तर ते बैरंग होतं. दुप्पट पैसे भरा, मग पत्र हातात. त्याशिवाय द्यायचं नाही. जगात सगळीकडे हेच चालतं.”

“पत्राचं चालतं. पोरीचं चालत नाही.” जरीनाचा आवाज चढला नाही, पण तिने एकेक शब्द वेगळा उच्चारला. “पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करायचा. जप्ती आहे, तुरुंग आहे, सगळं आहे. पण पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही. उलटही तसंच, भेट नाही म्हणून त्याला पैसे थांबवता येत नाहीत. दोन्ही हक्क मुलीचे आहेत. एकाच्या बदल्यात दुसरा, असा सौदाच नाही. बरं, पुढे? त्याने थकबाकी भरली?”

“जुलैपर्यंत सगळी भरली.”

“मग भेटी सुरू का नाही झाल्या?”

“त्याने विचारलंच नाही,” नम्रता म्हणाली. “एकदाही नाही. मी वाट बघत होते, कारण विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते. श्रद्धा दर शनिवारी केस विंचरून बसायची. मग हळूहळू तिनेही सोडून दिलं.”

“फोनही नाही?”

“फोनवर एकदा मीच त्याला झापलं होतं,” दिगंबर म्हणाला. “म्हटलं, फोन करायचा नाही. जे काही असेल ते लिहून कळव. त्यावर साहेबांनी एक ओळ लिहिली नाही. यावरून काय ते समजा.”

बापूरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे बघून परत ठेवला. दर शनिवारी केस विंचरून बसणारी पोर त्यांनीही पाहिली होती. याच खुर्चीतून पाहिली होती.

तेवढ्यात दिगंबरने टेबलावरची तीन कूपनं उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि शीळ घातली.

“जरीना, हे बघितलंस? हे त्याचं अक्षर नाही. त्याचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचल्यासारखं. हे बघ कसं गोल, सुवाच्य, ओळीत. हे बाईचं अक्षर आहे. आणि शिक्का बघ, डेक्कन. तो राहतो खडकीला, नोकरीला हिंजवडीला, मग डेक्कनला याचं काय काम? तिन्ही वेळा डेक्कन, तिन्ही वेळा शनिवार. तिथे कुणीतरी राहते. पोरीचे पैसे तीच भरते.”

नम्रताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने हात पुढे केला नाही, दुरूनच एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. “काय लिहिलंय?”

“‘श्रद्धासाठी. पोहोचल्याचे कळवावे.’ बस्स. बाईसाहेब कमी बोलणाऱ्या दिसतात.”

“म्हणजे माझ्या पोरीची फी आता ती ठरवणार?” नम्रता म्हणाली. “दहाच माग, जरीना. बाराही माग.”

“इकडे दे,” बापूराव म्हणाले.

ही तीन कूपनं त्यांनी स्वतः वाचलीच नव्हती. दिवाळीपासून डोळ्यांना अक्षर लागत नव्हतं, म्हणून मुक्ताई वाचून दाखवायच्या. ‘श्रद्धासाठी, पोहोचल्याचे कळवावे’ एवढंच आहे हे ऐकून त्यांना प्रत्येक वेळी हायसं वाटलं होतं. सुटलो एकदाचे, तो विचारायचा थांबला, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. म्हणून तर आज त्यांनी हीच तीन बाहेर आणली होती.

त्यांनी कूपन डोळ्यांसमोर धरलं. मजकूर संपला होता तिथे दोन तिरक्या रेघा मारलेल्या होत्या आणि रेघांच्या मध्ये एक टिंब होतं.

ही खूण खात्याची नव्हती. ती बापूरावांची स्वतःची होती. श्रद्धा पाच वर्षांची असताना सुट्टीत ते तिच्याबरोबर पोस्ट-पोस्ट खेळायचे. खुर्चीची पाठ म्हणजे खिडकी, आणि रद्दीतले खराब झालेले फॉर्म. तेव्हा ते तिला शिकवायचे, की मोकळी जागा कधी सोडायची नाही, सोडली की दुसरा कुणी तिथे भलतंच लिहील. मजकूर संपला की दोन रेघा आणि मध्ये टिंब. अख्ख्या पुण्यात ही खूण दोघांनाच ठाऊक होती. इंग्रजी शाळेतल्या या पोरीचं मराठी अक्षर घरात फारसं कुणाच्या नजरेतलं नव्हतं, पण त्या रेघा बापूरावांच्या हाडात होत्या. आणि श्रद्धाचा शनिवारचा गणिताचा क्लास डेक्कनलाच होता.

ही त्याला भेटते. कधीपासून भेटते? तो हिला काय सांगतो? आमच्याविरुद्ध काय काय भरवतो? आणि ही इतके दिवस समोर बसून वरणभात जेवते आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही? मग त्यांच्या मनात आलं, की चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची विद्या या घरात तिला शिकवणारं कोण आहे.

“लागला का चष्मा नीट?” स्वयंपाकघराच्या दारातून मुक्ताईंनी विचारलं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिन्ही कूपनं हिनेच तर वाचली होती. हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, याबद्दल आता त्यांना शंका उरली नाही.

“दुसऱ्या बाईचं मी नुसत्या अक्षरावरून लिहिणार नाही,” जरीना म्हणत होती. “पण हे चौथं कलम महत्त्वाचं आहे. ‘फेब्रुवारी २००२ पासून जाबदारांनी मुलीला भेटण्याची एकदाही मागणी केलेली नाही.’ जज्जाच्या मनावर याचा परिणाम होतो. उद्या तुला हे शपथेवर सांगायचंय, नमू. खरं आहे ना?”

“शंभर टक्के,” नम्रता म्हणाली आणि तिने सहीसाठी पेन उचललं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. बापूरावांना ते लख्ख दिसत होतं. अभिनव ओरडून सांगेल की मी दर महिन्याला लिहून विचारलं, पण दाखवणार काय? मनीऑर्डरचं कूपन पैसे घेणाऱ्याकडे राहतं, पाठवणाऱ्याकडे नाही. जगातला एकमेव पुरावा त्यांच्या धोतरांच्या मागे होता, आणि बंबात घातला तर पाच मिनिटांत आंघोळीचं पाणी तापलं असतं. नम्रता शपथेवर खोटं बोलली असती, पण ते तिला कधीच कळलं नसतं. श्रद्धाला मात्र कळलं असतं.

“थांब,” ते म्हणाले. “सही करू नकोस. बाकीची कूपनं आणतो.”

“माळ्यावरची?” दिगंबरने विचारलं.

“माळ्यावर काही नाही.”

आत श्रद्धा टेबलाशीच बसली होती. भूमितीची वही मिटलेली होती आणि तिच्यावर फाईल होती. सुतळी सोडलेली होती.

“तुम्ही नेताय का मी नेऊ?” तिने हळू आवाजात विचारलं.

बापूराव कॉटवर बसले. “तुला कधी सापडली?”

“गणपती झाल्यावर. शाळेत जन्माचा दाखला मागितला होता, तो शोधताना. मग मी पप्पांना कार्ड टाकलं. कूपनावर पत्ता होताच.”

“आणि तो आला?”

“क्लासच्या खाली उभे होते. मी ओळखलंच नाही आधी. केस गेलेत त्यांचे.” तिने ओठ दाबले. “शनिवारी फॉर्म भरायला ते पोस्टात निघाले, तेव्हा मीच म्हटलं की मी भरते. तुमच्या रेघा काढल्या. तुम्ही बघाल, तुम्हाला कळेल आणि तुम्ही आईला सांगाल असं वाटलं होतं. तीन महिने वाट बघितली.”

“मला दिसत नव्हतं गं, बाळा.”

“त्याच्या आधीची एकतीस दिसत होती ना?”

तेरा वर्षांच्या पोरीने आवाजसुद्धा चढवला नव्हता. बापूरावांना या वयात कुणी मुस्कटात मारली असती, तरी इतकं लागलं नसतं.

“आईला तू का नाही सांगितलंस?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तीन वर्षं कुठे होता तो? मग मला तुमचं नाव घ्यावं लागलं असतं.” तिचे डोळे भरून आले. “मला वाटायचं पप्पांना मी नकोय. आईला अजून तसंच वाटतं, आजोबा. ती बाहेर तेच लिहून देतेय.”

बापूरावांनी गठ्ठा उचलला. तो वजनाला काहीच नव्हता. तरी दारापर्यंतच्या चार पावलांत त्यांना दम लागला.

बाहेर येऊन त्यांनी तो नम्रताच्या पुढ्यात ठेवला. “ही तुझी डाक,” ते म्हणाले.

नम्रताने गठ्ठा उलटा केला आणि तळचं, तीन वर्षांपूर्वीचं कूपन उचललं. कोंबडी नाचल्यासारखं अक्षर. ‘दोन महिन्यांचे एकदम पाठवले. उरलेले जुलैपर्यंत देतो. या शनिवारी श्रद्धाला अर्धा तास भेटू का?’ तिने दुसरं उचललं. ‘सगळी बाकी फिटली. आता तरी भेटू द्याल का?’ पुढचं. ‘वाढदिवसाला बागेत आणाल का? मी दुरूनच बघेन.’ पुढचं. ‘कोर्टात जाऊन तिला उभी करायची नाही. तू हो म्हणेपर्यंत विचारत राहीन.’ मग ती भराभर उलटत गेली. शेवटी शेवटी मजकूर एकाच शब्दावर आला होता. ‘शनिवारी?’

जरीनाने पुढे वाकून दोन-तीन वाचली आणि चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली.

“बाबा,” नम्रता म्हणाली, “हे तुम्ही का केलंत?”

“आधी वाटलं, बाकी फिटू दे.”

“फिटली. जुलैमध्ये फिटली.”

“मग तिची परीक्षा होती. मग ती पहिली आली. मग वाटलं, चांगली चाललीय पोर, उगाच तो गाडीतून येईल, हॉटेलात नेईल आणि हिला हे घर नकोसं होईल.” बापूरावांनी धोतराचं टोक हातात धरलं होतं. “आणि मग इतके महिने झाले, की सांगायला गेलो तर तू विचारलं असतंस, आधी का नाही सांगितलंत. मला ती जाईल याची भीती वाटत होती, नमे. दुसरं काही नाही.”

“योग्यच केलंत तुम्ही,” दिगंबर एकदम म्हणाला. “चार महिने पोरीला उपाशी ठेवणारा माणूस तो! आणि आत्ता तरी तो तिला गोड बोलून फितवत नसेल कशावरून? पोटगी वाढू नये म्हणून हा सगळा डाव असणार. ही कूपनं आत्ताच्या आत्ता फाडून टाका. आहेत हे कुणाला माहीत आहे?”

पाच महिन्यांत मुलाने पहिल्यांदाच त्यांची बाजू घेतली होती, आणि ती बाजू बापूरावांना घशात अडकल्यासारखी वाटली.

“मला माहीत आहे,” जरीना म्हणाली.

“मलाही,” मुक्ताई म्हणाल्या. त्या आता दारातून पुढे आल्या होत्या. “आणि त्या तीन कूपनांवर कुणा बाईचं अक्षर नाही, दिगंबर. तुझ्या भाचीचं आहे. मी दिवाळीतच ओळखलं, तिची मुळाक्षरं मीच गिरवून घेतली होती. म्हटलं, हे स्वतःहून बोलतात का बघू. फार वेळ लावलात हो तुम्ही.”

आतल्या खोलीच्या दारात श्रद्धा येऊन उभी होती. नम्रताने तिच्याकडे पाहिलं. रागवावं की जवळ घ्यावं हे नम्रताला कळत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तिने सोफ्यावरची शेजारची जागा हाताने झटकली. दिगंबरला तिथून उठावं लागलं. श्रद्धा येऊन बसली.

“केस खरंच गेलेत त्याचे?” नम्रताने विचारलं. आतल्या बोलण्यातले तुटक शब्द बाहेर ऐकू आले होते.

“निम्मे,” श्रद्धा म्हणाली आणि रडायला लागली.

नम्रताने एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने कागद जरीनाकडे सारला. “अर्जातली वाढीव रक्कम तशीच ठेव. साठ हजार मिळवतो, तर त्या हिशेबाने देऊ दे. ते हिचेच आहेत. आणि चौथ्या कलमाच्या जागी लिही, की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या भेटी मी स्वतः सुरू करतेय. ही कूपनंही जोड.”

“सगळी?” जरीनाने विचारलं. “मग ती इतके दिवस कुणाकडे होती, हेही लिहावं लागेल.”

“लिही.”

मग नम्रता बापूरावांकडे वळली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. बँकेच्या काउंटरवर अनोळखी माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, “भीमरावला उद्या सांगा, ते अधिकारपत्र मी रद्द केलंय. यापुढे माझी डाक माझ्याच हातात द्यायची. मी नसले तर परत न्यायची.”

“बरं,” बापूराव म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. ही पहिली होती, आणि खरी होती.